चार महिने गाडी उभी राहणार: बॅटरी काढून ठेवू की गाडीतच राहू देऊ?

चाकावरचं_घर (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. गेल्या वर्षी अर्धवट विचारलं, अर्धवट उत्तरं ऐकली आणि १५ हजारांची बॅटरी घालवून बसले.

आमची ट्रॅव्हलर आहे, आतून घर करून घेतलेली. दोघांची झोपायची सोय, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप. इंजिनाची बॅटरी वेगळी. घराची बॅटरी मागच्या बाकाखाली आहे: १५० एएच (अँपियर-तास, म्हणजे साठवणक्षमता), ट्युब्युलर, पाणी घालायची. छतावर दोन सोलर पॅनल. गाडी मी चालवते, वायरिंगकडेही मीच बघते. यजमानांकडे स्वयंपाक आणि नकाशा.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात, कॅलगरीला गेलो होतो. २५ नोव्हेंबरला निघालो आणि २८ मार्चला परत आलो. निघायच्या आदल्या रात्री मी स्वतः गाडीत जाऊन इन्व्हर्टर बंद केला, फ्रिज बंद केला, एकेक दिवा बघितला. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातच, त्यामुळे पॅनलवर उन्हाची तिरीपही नाही. परत आल्यावर मीटर लावला तर ५.९ व्होल्ट. आधी वाटलं मीटरच बिघडला. झाकणं उघडून टॉर्च मारला तर पाणी बरोबर खुणेपर्यंत होतं, पण प्लेटांवर पांढुरका थर चढलेला, भांड्याच्या बुडाला क्षार बसतो ना तसा. एका दुकानात लोड टेस्टर टेकवून अर्ध्या मिनिटात सांगितलं, "बसली, नवी टाका." दुसऱ्याने दोन दिवस चार्जिंगला ठेवून पाहिली. बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी (सेलपैकी) चार सेल थोडे वर आले, दोन हललेच नाहीत. वॉरंटीतही बसलं नाही, कारण चूक वापरणाऱ्याची. ते मला मान्य आहे. पण नेमकी कुठली चूक, हे कोणी सांगितलं नाही.

यंदा लेकीची रजा संपतेय आणि नातवाला सांभाळायला आम्ही परत चाललोय, तेवढ्याच दिवसांसाठी. या वेळी गाडी पिंपळगाव बसवंतला दिरांच्या शेडमध्ये ठेवणार आहोत. प्रश्न असे आहेत.

कॅलगरीत लेकीच्या शेजाऱ्यांकडे मोठं मोटरहोम आहे. बर्फाने पार झाकलेलं असतं. उणे २५ मध्ये मी ते रोज खिडकीतून बघत होते. ते गृहस्थ ऑक्टोबरमध्येच बॅटऱ्या काढतात आणि तळघरात फळीवर ओळीने ठेवून देतात, शेजारी एक छोटा चार्जर. मला त्यांनी कौतुकाने नेऊन दाखवलं. मग आपणही काढावी का? आमची बॅटरी ५० किलोच्या वर आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

दीर म्हणतात, "वहिनी, काढू नका. मी दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करीन, दोन्ही बॅटऱ्या टकाटक राहतील." हे पुरेल का?

आणि सासूबाई म्हणतात, बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते. खरं आहे का?

नवी बॅटरी अजून आठ महिन्यांचीसुद्धा नाही. हिला मला जपायचंय.


सह्याद्री_भटक्या (गंगापूर रोड)

ताई, छतावर सोलर आहे ना, मग गाडी उन्हात लावा आणि विसरून जा. शेडमध्ये लावूच नका.

आणि थंडीचं म्हणाल तर गारठ्यात बॅटरी मरतेच. मागे जानेवारीत त्र्यंबकला मुक्कामी होतो. सकाळी सहाला सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडी एकदम व्यवस्थित होती. शेवटी एका जीपवाल्याकडून जंपर घेऊन निघालो. त्यामुळे मी तरी काढून घरात ठेवा असंच म्हणेन.


द्वारका_बॅटरीवाला

ताई, द्वारकेजवळ आमचं बॅटरीचं वर्कशॉप आहे. एकतीस वर्षं हेच काम करतोय. ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर, घरचे इन्व्हर्टर, सगळ्याच्या बॅटऱ्या येतात. तुमच्यासारख्या, म्हणजे चार्जिंगविना उभं राहून गेलेल्या बॅटऱ्या मार्च-एप्रिलमध्ये हमखास येतात. आणि तुमच्यासारखंच प्रत्येक जण सांगतो, "सगळं बंद केलं होतं हो."

आधी थंडीचं बघू, कारण तिथेच गल्लत होते. बॅटरीतलं पाणी म्हणजे ॲसिड आणि पाण्याचं मिश्रण. बॅटरी पूर्ण चार्ज असली की ॲसिड घट्ट असतं आणि ते गोठायला उणे ५०-६० लागतं. बॅटरी उतरली की ॲसिड प्लेटांत जातं, मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं, आणि ते उणे सात-आठलाच गोठू शकतं. बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, डबा फुटतो. कॅलगरीच्या त्या गृहस्थांना भीती आहे ती याची. भर बर्फात गाडीपाशी जाऊन चार्ज करणं होत नाही, म्हणून ते बॅटऱ्या तळघरात आणतात, आणि शेजारी चार्जर ठेवतात हे तुम्ही स्वतः पाहिलंय. खरं काम तो चार्जर करतो. आपल्याकडे निफाड-पिंपळगाव पट्ट्यात कितीही कडाक्याची थंडी पडली तरी बॅटरी गोठत नाही. उलट उभ्या बॅटरीला गारवा चांगला. बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. म्हणजे मे महिन्यात ३५-४० अंशांत जी बॅटरी महिन्याला आठ-दहा टक्के उतरेल, ती डिसेंबरच्या गारठ्यात दोन-तीन टक्केच उतरेल.

भटक्या दादांचा त्र्यंबकचा अनुभव खरा आहे, पण दोष थंडीचा नाही. थंडीत बॅटरीचा जोर पाचवा हिस्सा तरी कमी होतो आणि त्याच वेळी इंजिनाचं ऑईल घट्ट झालेलं असतं, म्हणजे जोर जास्त लागतो. त्या बॅटरीचा निकाल आधीच्या उन्हाळ्यातच लागलेला असणार. उष्णतेने प्लेटांची जाळी आतून खाल्ली जाते, ते कोणाला दिसत नाही. जानेवारीच्या सकाळी ते उघडं पडतं.

आता तुमची बॅटरी कशाने गेली ते. दोन गोष्टी झाल्या. कुठल्यातरी वस्तूने गुपचूप थोडा थोडा करंट ओढून बॅटरी रिकामी केली. आणि रिकामी झाल्यावर ती तशीच पडून राहिली. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे खडे मोठे होतात, कडक होतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. टॉर्चने तुम्ही जो पांढुरका थर पाहिला तो हाच.

ओढणारी वस्तू शोधायला मल्टिमीटर पुरतो. १० अँपियरच्या भोकात लाल पिन लावा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर मध्ये घाला: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सुटलेल्या केबलला. मात्र त्याआधी इन्व्हर्टरची केबल वेगळी काढून ठेवा, कारण जोडताना तो एकदम मोठा करंट ओढतो आणि मीटरचा फ्यूज उडतो. फ्रिज, पंप काही चालू करू नका. दहा मिनिटं थांबा आणि आकडा लिहून घ्या. मग फ्यूज एकेक काढत जा. कुठला काढल्यावर आकडा किती खाली आला, ते मांडा. ५० मिलिअँपियर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दिवसाला १.२ एएच, आणि १२० दिवसांत १४४ एएच. तुमची अख्खी बॅटरी.

दिरांना माझ्याकडून नमस्कार सांगा, पण दहा मिनिटांचं इंजिन नको. पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बॅटरीवर घड्याळ, लॉक, ट्रॅकर मिळून ५० मिलिअँपियर धरा, आठवड्याला साडेआठ एएच जातात. आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी असताना, अल्टरनेटरने (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राने) बॅटरीला २० अँपियर दिले असं धरलं तरी दहा मिनिटांत साडेतीनही भरत नाहीत. दर रविवारी पाचची तूट. शिवाय इंजिन नीट गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, डिझेल फुकट जातं. चालवायचीच असेल तर पाऊण तास हायवेला फिरवून आणावी. नाहीतर हात लावू नये.

फरशीचं: सासूबाई चुकीचं सांगत नाहीत, जुनं सांगताहेत. पूर्वी बॅटरीचे डबे लाकडाचे, नंतर कडक रबराचे असायचे. ओल धरली की करंट झिरपायचा. आताचे प्लॅस्टिकचे डबे फरशीवर उतरत नाहीत. तरी मी फळीवरच ठेवतो, कारण ॲसिड सांडलं तर फरशी खराब होते.

तर बॅटरी काढू नका. ५० किलो वजन तिसऱ्या मजल्यावर नेताना तिरकं झालं तर ॲसिड बाहेर येईल आणि कंबरही धरेल. गाडीतच राहू द्या, पण पूर्ण चार्ज करून आणि कनेक्शन तोडून. पूर्ण म्हणजे किती, ते नीट सांगतो, कारण नेटवरच्या तक्त्याने बरेच जण फसतात. तिथे १२.७ व्होल्ट म्हणजे फुल असं लिहिलेलं असतं. ते गाडीच्या बॅटरीचं. तिची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा घट्टपणा, १२८० च्या आसपास असते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत ॲसिड मुद्दाम पातळ, १२४० चं भरतात, म्हणजे उष्णतेत प्लेटा टिकतात. ती फुल चार्ज होऊन रात्रभर शांत राहिली की १२.५ च्या आसपासच दाखवते. १२.७ येत नाही म्हणून लोक चार्जर लावूनच ठेवतात आणि पाणी उकळून घालवतात.

१५० एएचला १५ अँपियरचा चार्जर पुरे. दर तासाला हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची नळी) घाला. तीन तास ओळीने ग्रॅव्हिटी हलली नाही की बॅटरी पूर्ण झाली. सहाही सेल १२४० च्या आगेमागे हवेत. एखादा सेल २५-३० ने खाली असेल तर मला सांगा. एक लक्षात ठेवा, हे आकडे २७ अंशांचे आहेत. सकाळी १२ अंशांत मोजलंत तर ॲसिड आकसलेलं असतं आणि काटा दहा पॉइंट जास्त दाखवतो. म्हणून दुपारी मोजा.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला, आधी नाही. आधी भरलं तर चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड झाकणातून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडतील इतपत आधी. आरओचं पाणी अजिबात नको.

चार्जिंग चालू असताना गाडीच्या खिडक्या-दारं उघडी ठेवा. हायड्रोजन निघतो. आधी चिमटे लावा, मग बोर्डाचं बटण. काढताना आधी बटण बंद.


पिंपळगावचा_बागायतदार

ताई, आपलं गाव एकच निघालं. माझी दहा एकर द्राक्षबाग आहे आणि एक जुनी छोटी व्हॅन झोपायला-फिरायला तयार केली आहे, लिथियमची १०० एएच बॅटरी टाकून. बॅटरीवाले भाऊ सांगतात ते शंभर टक्के बरोबर. मी गावाकडच्या दोन-चार गोष्टी सांगतो.

गाडी उन्हात लावा असं भटक्या दादा म्हणतात. इतर कुठे असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांसाठी फवारे चालू असतात. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारलं की निळसर थर पत्र्यावर, काचेवर, सगळीकडे बसतो. त्यावर रस्त्याची धूळ. मागच्या वर्षी माझी व्हॅन बांधाला तीन आठवडे होती. पॅनलवर बोटाने रेघ ओढली तर खाली काळी काच दिसली, बाकी सगळं राखाडी. त्या दिवशी दुपारी बाराला चार्जिंग नेहमीच्या निम्मंसुद्धा नव्हतं. ओल्या फडक्याने पुसल्यावर लगेच वाढलं. पुसायला कोणी रोजचं माणूस असेल तरच सोलरच्या भरवशावर राहा. तुम्ही सातासमुद्रापार असणार. शेडच बरी.

थंडी म्हणाल तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा चार-पाच अंशांवर आला की बातमी होते आणि आम्ही रात्रभर बागेत शेकोट्या करतो, पहाटे ड्रिप सोडतो. पानावरचं दव गोठलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. पण बंद गाडीत, बाकाखाली तेवढं गार होत नाही. लिथियम शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, आत धातूचा थर बसून सेल कायमचा खराब होतो. म्हणून मी मुद्दाम बॅटरीशेजारी थर्मामीटर ठेवून पाहिलं. सगळ्यात थंड सकाळी ९ अंश होते. कोणाकडे लिथियम असेल तर तिचा हिशेब तुमच्यासारख्या शिशाच्या बॅटरीच्या बरोबर उलटा आहे: ती फुल करून ठेवायची नाही, निम्म्या-साठ टक्क्यांवर ठेवायची आणि लोड सगळे तोडायचे. व्होल्टेजवरून तिचा अंदाज घेऊ नका, मधल्या टप्प्यात आकडा जवळजवळ हलतच नाही. बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटचा, टक्का बघा.

आणखी दोन गोष्टी. शेतीच्या थ्री-फेजवर चार्जर लावू नका. ती लाईन आठ तास, तीही पाळीने, आणि पंप चालू-बंद झाले की व्होल्टेज उड्या मारतं. घराच्या सिंगल फेजवरून एक्स्टेन्शन घ्या. आणि उंदीर. काढणीच्या दिवसांत शेडमध्ये क्रेट, कागद, पेंढा असतो, उंदरांना उबदार घर लागतं आणि बंद गाडीइतकं उबदार दुसरं काही नाही. माझ्या पाण्याच्या पंपाची वायर तांब्यापर्यंत कुरतडली होती. वायर कापली तर निदान कळतं. अर्धवट सोललेली वायर पत्र्याला टेकली तर काय होईल? म्हणून बॅटरी जागेवर ठेवली तरी निगेटिव्ह सोडवलेलीच हवी. गाडीत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवू नका.


चाकावरचं_घर

तिघांचे मनापासून आभार. बॅटरीवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं काल दुपारी मोजलं. आकडे लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

इन्व्हर्टर सोडवून, सगळी बटणं बंद असताना मीटरवर ०.११२ अँपियर. मी तिथेच खाली बसले.

गॅस गळतीचा अलार्म: फ्यूज काढला तर आकडा ०.०४१ वर आला. म्हणजे तो एकटा ७१ मिलिअँपियर खातो. त्याला बटणच नाही, सरळ जोडलेला आहे. मोबाइल चार्जिंगचे दोन सॉकेट, ज्यांच्यावर व्होल्टेजचे निळे आकडे रात्रंदिवस लुकलुकतात: २२. सोलरचा कंट्रोलर, ऊन नसताना: १२. पंपाच्या स्विचमधला लाल दिवा: ७. एवढ्याने बेरीज पूर्ण झाली.

०.११२ गुणिले २४, दिवसाला २.७ एएच. १५० ला भागलं तर ५५ दिवस. २५ नोव्हेंबरपासून मोजलं तर २० जानेवारीच्या आसपास बॅटरी रिकामी झाली. त्या दिवशी आम्ही कॅलगरीत बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो, इतकं स्पष्ट आठवतंय. आणि त्यानंतर दोन महिन्यांहून जास्त ती इथे रिकामी पडून होती.

अलार्मचा फ्यूज काढायचा म्हणजे गॅस सिलिंडर गाडीत ठेवून चालणार नाही, हे फ्यूज हातात घेतल्यावर लक्षात आलं. सिलिंडर काढून दिरांच्या घरी ओट्याखाली ठेवणार, शेगडीची नळीही सोडवणार. हा मुद्दा मी मोठ्या अक्षरांत लिहून गाडीच्या काचेवर चिकटवलाय: सिलिंडर परत जोडायच्या आधी अलार्म चालू.

चार्ज करून दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रॅव्हिटी बघितली: १२४०, १२४०, १२३५, १२४०, १२४५, १२४०. व्होल्टेज १२.५२. दादा, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर १२.७ नाही म्हणून रात्रभर झोप लागली नसती.

एक विचारायचं राहिलं. पॅनल, कंट्रोलर, बॅटरी: तोडताना आधी काय आणि जोडताना आधी काय? आणि चार महिन्यांत मध्ये एकदा चार्ज करावी लागेल ना?


द्वारका_बॅटरीवाला

आकडे वाचून समाधान वाटलं. गॅसच्या अलार्ममध्ये सेन्सर सतत गरम ठेवावा लागतो, म्हणून तो एवढा खातो. तो खराब नाही, त्याचं कामच तसं आहे. सिलिंडरचं केलंत ते फार योग्य.

तोडताना आधी सोलर पॅनलचा स्विच पाडा, मग बॅटरी. बॅटरी आधी काढली आणि पॅनलवर ऊन असलं तर पॅनलचं सगळं व्होल्टेज कंट्रोलरवर येतं, काही कंट्रोलर त्याने जळतात. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनल. बॅटरीवर निगेटिव्ह आधी सोडवायची आणि शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा. सोडवलेल्या केबलच्या टोकाला (लगला) जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून बांधून टाका. टर्मिनलवर हिरवट-पांढरं काही आलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारा, झाकणं घट्ट असताना. सोडा आत गेला तर सेल गेला. कोरडं झालं की बोटभर व्हॅसलीन.

पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीलाही हेच करा. ती पूर्ण चार्ज केल्यावर १२.६-१२.७ दाखवेल, तिचा तक्ता नेटवरचाच. निगेटिव्ह काढल्यावर रिमोट चालणार नाही, दार किल्लीने उघडावं लागेल, तेव्हा किल्ली दिरांकडे द्या.

मध्ये एकदा चार्जिंग हवंच. सगळं तोडलेलं असेल तर बॅटरी स्वतःहून महिन्याला दोन-चार टक्केच उतरेल, चार महिन्यांनीही ती मरणार नाही. पण थोडी उतरलेली राहिली तरी सल्फेटचा थर धरायला लागतो. म्हणून मकरसंक्रांतीच्या आसपास एक दिवस चार्जरवर. चार महिने चार्जर लावून ठेवायचा मोह धरू नका. साधा चार्जर असेल तर पाणी संपेल, आणि शेडमध्ये बघायला कोणी नाही. दिरांना एवढंच सांगा: पंधरा दिवसांनी मीटर लावायचा, आकड्याचा फोटो पाठवायचा. मागची १२.४ च्या खाली किंवा पुढची १२.५ च्या खाली गेली तर संक्रांतीची वाट बघायची नाही.


चाकावरचं_घर

कॅलगरीहून लिहितेय. बाहेर उणे १९ आहे आणि शेजाऱ्यांच्या बॅटऱ्या त्यांच्या फळीवर.

दिरांनी तीन फोटो पाठवले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२.५१, तिसऱ्या आठवड्यात १२.५०, आणि परवा जानेवारीत १२.४८. पुढची बॅटरी १२.६६ वर आहे. उंदरांसाठी त्यांनी दोन पिंजरे लावलेत, एकात सापडला. संक्रांतीला सकाळी तिळगूळ वाटून झाला की घरून एक्स्टेन्शन ओढून चार्जर लावणार आहेत. त्यांना शंका एकच होती, चिमटा लाल कुठला आणि काळा कुठला. व्हिडिओ कॉलवर मी आणि नातू दोघांनी मिळून दाखवलं.